भाऊजींचं तापलेलं टाकं

भाऊजी, तुमची तेरवी काल आटोपली. मांडव सोडून नेला, भाड्याची भांडी परत गेली, पाहुणे आपापल्या गाड्यांना लागले, आणि आता जरा तुमच्यासाठी निवांत रडावं म्हणून मी मागच्या अंगणात येऊन बसले. पण रडू येण्याआधी रागच येतो. काय करू? तुमच्यावर चिडल्याशिवाय तुमच्यावर माया करता येत नसे, आणि तुम्ही गेलात तरी ती सवय काही मोडत नाही.

लोक काय काय बोलून गेले! शांत माणूस, कधी आवाज चढवला नाही, कधी कोणाचं मन मोडलं नाही. मी पंगतीत वाढता वाढता ऐकत होते आणि दातओठ खात होते. कोणाचं मन मोडलं नाही हे खरंच. पण न मोडण्याच्या नादात तुम्ही जे घोळ घालून ठेवले ते निस्तरायला मागे कोण राहिलं, हे त्यांना काय माहीत? मी राहिले. तुमची वहिनी.

आष्टीहून लग्न होऊन मी या बोरगाव मेघेच्या घरात आले तेव्हा तुम्ही कॉलेजात होतात. दोन माणसांचं जेवायचे आणि तरी हाडंच दिसायची. आई म्हणायच्या, ‘खाते तं चांगला, पण पोट्ट्याच्या अंगी लागत नाई.’ पुढे ज्या गावातून समुद्र बघायला रात्रभर गाडीत बसावं लागतं त्या गावच्या पोराने समुद्रातल्या माशांचा अभ्यास घेतला आणि कोकणात एका संशोधन केंद्रात नोकरीला लागला. तुमचे दादा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. तिथे त्यांना लोक विचारायचे, ‘काहो, तुमचा भाऊ तिकडं मासे मारते म्हणे?’ हे शांतपणे सांगायचे, ‘मारत नाई, मोजते.’ घरी येऊन मात्र तुमच्या नावाने कपाळाला हात लावायचे.

आणि मी मॅट्रिक झाले ते तुमच्यामुळे, हेही आजच सांगून टाकते. लग्न झालेल्या बाईने पुस्तकं कायले उघडायची, असं आईंचं म्हणणं होतं. तेव्हा तुम्ही त्यांच्याशी भांडलात. चांगले कडाकडा भांडलात, जेवण टाकून उठलात. ओट्यावर बसवून मला विज्ञान शिकवलंत, आणि मी पास झाले तेव्हा पेढे तुम्ही वाटलेत. ते उपकार मी विसरलेले नाही. पण म्हणूनच जास्त राग येतो. आईंशी भांडता येत होतं की तुम्हाला! माझ्यासाठी आलं, मग स्वतःसाठी का नाही आलं?

दर मे महिन्यात तुम्ही रजेवर घरी यायचात. जगातली शहाणी माणसं मे महिन्यात वर्ध्याहून दुसरीकडे पळतात, तुम्ही समुद्रकाठ सोडून इकडे यायचात. खसच्या ताटीवर पाणी मारून आपण सगळे पुढच्या खोलीत पडलेले असायचो, आणि तुम्ही ते मासेपुराण सुरू करायचात. बंदरावर येणारे मासे दर वर्षी थोडे लहान येतात. वय तेवढंच, पण अंग कमी. माशाच्या कानात खड्यासारखं हाड असतं, त्यावर झाडाच्या खोडासारखी वळी उमटतात, त्यावरून वय कळतं. साहेब लोक म्हणतात, जाळी बारीक झाली, बोटी वाढल्या, मोठे मासे मारून संपवले म्हणून लहान येतात. तुम्ही म्हणायचात, तेही खरं आहे, पण तेवढंच खरं नाही.

“समुद्राचं पाणी तापून राह्यलं, वैनी. हळूहळू. कोणाच्या ध्यानात येत नाई इतकं हळू.”

“एवढा मोठा समुद्र कसा तापन वो भाऊजी? अन् तापला थोडासा तं काय झालं? आपल्याकडं जानेवारीत काकडतो अन् मे मध्ये भाजून निघतो, म्हणून काय आपण खुजे राह्यलो?”

“आपल्या आंगात आपली शेगडी आहे. बाहेर काही असो, आंग तेवढंच गरम राह्यते. माशाले शेगडी नाई. पाणी जेवढं गरम तेवढाच मासा गरम. पाणी तापलं का त्याची भूक वाढते, दमही जास्त लागते. अन् तापल्या पाण्यात हवा कमी राह्यते. म्हणजे लागते जास्त, भेटते कमी. पिल्लं असताना भराभर वाढते, लवकर वयात येते, अन् मंग थांबूनच जाते. मोठा होतच नाई.”

मी म्हणायची, हे सगळं तुमच्या मनचं आहे. तुम्ही म्हणायचात, साहेबही तेच म्हणतात. मग आपली अशी जुंपायची की हे उठून ओसरीत झोपायला जायचे. आई कोपऱ्यात गहू निवडत बसलेल्या असायच्या. एकदा त्यांनी मान वर करून विचारलं, “म्हणजे उन्हानं त्या जिवाच्या अंगी लागत नाई म्हनतं काय रे, वसंता?”

“हो आई! बरोबर समजली तू.”

तुम्हाला किती आनंद झाला होता. घरात कोणाला तरी एकदाचं पटलं म्हणून तुम्ही त्यांना पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलंत. भूक, दम, पाण्यातली हवा, सगळं. तुमची सगळी पुढची फजिती त्या दुपारच्या शिकवणीतून निघाली, भाऊजी. इतकं नीट समजावून सांगायला नको होतं.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात तुम्ही साहेबांना कसंबसं राजी केलंत. तिकडे टाक्यातलं पाणी दोन-अडीच महिने तापतं ठेवायची सोय नव्हती, वीज भरवशाची नव्हती. तुम्ही म्हणालात, माझ्या गावी ऊन आहे, फुकट आहे आणि भरपूर आहे. साहेबांनी सांगितलं, एकच उन्हाळा देतो. फरक दिसला तर इथे टाकी बांधू, माणसं देऊ. नाही दिसला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. तुमची सगळी भिस्त त्या एका उन्हाळ्यावर होती, आणि हे घरात मला तेवढं माहीत होतं.

तुम्ही बोय नावाच्या माशाची पिल्लं घेऊन आलात, पत्र्याच्या डब्यांत, हवा भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांमधून. गाडीच्या सामानाच्या डब्यात मिठागरातलं पोत्यांनी मीठ. स्टेशनवर हमालाने विचारलं, “साहेब, मिठाचा धंदा सुरू केला काय?” तुम्ही त्यालाही माशांच्या भुकेची गोष्ट सांगायला लागलात, शेवटी यांनी तुम्हाला दंडाला धरून टांग्यात बसवलं.

मागच्या अंगणात दोन सिमेंटची टाकी बांधली. एक लिंबाखाली, चहूबाजूंनी ओली पोती गुंडाळलेलं, म्हणजे पाणी समुद्राएवढंच गार राहील. दुसरं उघड्यावर, वर फक्त बांबूची एक विरळ तट्टी, पिल्लं मरू नयेत एवढ्यापुरती. पिल्लं सारखी, मीठ सारखं, सरकीची ढेप आणि कोंडा तोलून सारखा. फरक फक्त उन्हाचा. पहिले काही आठवडे तुम्ही स्वतः त्यांच्यापाशी बसून होतात. तापलेल्या टाक्यातली पिल्लं खाणं पडताच तुटून पडायची, आधी भराभर वाढली आणि मग मागे पडत चालली. ते बघून तुमचा चेहरा असा फुलायचा की मी म्हटलं, “भाऊजी, लेकरं खुजी राह्यली म्हणून हरकणारा बाप पहिल्यांदा पाह्यला.” तुम्ही खूप हसलात.

मग केंद्रातून बोलावणं आलं आणि तुम्हाला काही आठवड्यांसाठी जावं लागलं. नेमकं माझ्या बहिणीचं लग्न निघालं आणि मी मुलांना घेऊन आष्टीला गेले. खाणं टाकायचं आणि पाण्याचा पारा बघायचं काम यांच्याकडे. पहाटे एकदा बघायचा आणि जिनिंगहून आल्यावर एकदा, आकडा वहीत उतरवायचा; त्या आकड्याचा अर्थ काय, ते यांना कळत नसे. दुपारभर घरी एकट्या आई.

आष्टीहून परतले ती टळटळीत दुपारच होती. मुलांना पुढच्या खोलीत टाकून हातपाय धुवायला मागे आले आणि जागीच थांबले. तुमच्या तापलेल्या टाक्याला ओली पोती गुंडाळलेली होती. वरून आईंचं जुनं लुगडं चार घड्या करून पसरलेलं. विहीर तळाला गेलेली, आंघोळीला एक बादली जास्त मागितली तर घर डोक्यावर घेणाऱ्या आई तांब्या तांब्याने त्या पोत्यांवर पाणी शिंपत होत्या.

“आई, हे काय करून राह्यल्या?”

“हळू बोल. आत्ताच शांत झाले ते. उन्हानं कसे वरवर येऊन तोंडं उघडत होते, पाहवे ना मले.”

“पण भाऊजीनं ते उन्हातच ठेवाले सांगतलं होतं ना!”

“तो कामाचा माणूस, इसरला असन. त्यानंच तं सांगतलं, उन्हानं यायच्या अंगी लागत नाई म्हणून. मंग? एका टाक्याले सावली अन् एकाले ऊन, असा दुजाभाव करते काय कोनी? पाय आता, कसे बाळसं धरून राह्यले.” आणि मग आवाज खाली करून, “तुह्या नवऱ्याले सांगू नको. पाण्यासाठी वरडन. तो घरी याच्या आत पोती काढून ठेवली का झालं.”

 त्यांना तुमचं शास्त्र पुरतं समजलं होतं. उन्हाने मासा वाढत नाही, हे त्यांनी या घरात सगळ्यांत आधी मान्य केलं होतं. तो वाढू नये म्हणून कोणी मुद्दाम उन्हात ठेवेल, आणि तो कोणी म्हणजे आपला पोटचा मुलगा असेल, एवढंच त्यांच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं.

तुम्ही त्याच संध्याकाळी आलात. मी फाटकाकडे धावले, तुमच्या हातातली पेटीही घेतली नाही. “भाऊजी, घात झाला.” तुम्ही म्हणालात, “मले मालूम आहे, वैनी.”

“कसं मालूम?”

“दुपारच्याच गाडीनं आलतो. फाटकापर्यंत आलतो. आई पाणी शिंपत होती. तसाच मागं फिरलो अन् चौकातल्या हाटेलात बसून राह्यलो.”

मला वाटलं मी तुम्हाला एक ठेवून द्यावी. अहो, दिवसाउजेडी सगळं डोळ्यांनी पाहिलंत, आणि चहाच्या दुकानात जाऊन बसलात? फाटक उघडून एक हाक मारायची होती! मी म्हटलं, चला, आत्ता सांगू त्यांना, अजून निम्मा उन्हाळा आहे, पुन्हा सुरू करा. तुम्ही पेटी खाली ठेवलीत आणि हळूच म्हणालात, “तुम्हाले नलूचं ठाऊक आहे ना?”

ठाऊक होतं. यांच्या पाठची आणि तुमच्या आधीची बहीण. लहान असताना शेतावर नेली होती, ऊन लागलं, आणि दोन दिवसांत गेली. त्यानंतर आईंना काहीच उन्हात राहिलेलं बघवत नसे. वाळवणसुद्धा दुपार चढली की उचलायच्या. तुम्ही म्हणालात, “त्या टाक्यापाशी ती कोणाले पाणी घालून राह्यली हे मले दिसत होतं, वैनी. तिले कसं सांगू का तुह्या हातानं माह्यं काम बुडालं म्हणून?”

“सांगा! सांगा म्हणते मी! आई काही मेणाची बाहुली नाई.”

“तुम्हाले माह्यी शपथ आहे. तिच्याजवळ एक शब्द काढाचा नाई.”

झालं. शपथ घालून मोकळे. स्वतःचं तोंड बंद, वर माझंही बंद. आई दुपारी पाणी शिंपत राहिल्या आणि तुम्ही बघून न बघितल्यासारखं केलंत. उन्हाळा संपताना तुम्ही दोन्ही टाक्यांतले मासे काढून तोलले, मोजले. मी तराजू धरला होता. इकडचे आणि तिकडचे, भावंडं वेगळी ओळखू येऊ नयेत इतके सारखे. आई पदराने घाम पुसत बघायला आल्या. “सारे सारखे वाढले ना रे?” तुम्ही त्यांच्याकडे बघून हसलात आणि म्हणालात, “हो आई. तू होती म्हणून.” त्यांचं तोंड असं उजळलं म्हणून सांगू! संध्याकाळी त्यांनी पुरण घातलं. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते आणि त्यांना वाटत होतं की माहेरून आल्यापासून सुनेचं बिनसलं आहे.

साहेबांना तुम्ही काय सांगितलंत? तर माझ्या हलगर्जीपणामुळे प्रयोग वाया गेला. झाकण काढायचं राहिलं. आईंचं नाव नाही, काही नाही. मग साहेबांनी ठरल्याप्रमाणे विषय बंद केला, आणि हलगर्जी माणूस म्हणून तुम्हाला बंदरावर बसवलं, रोज किती मासळी उतरली ते लिहायला. मागून आलेले पुढे गेले. तुमचं म्हणणं चूक ठरलं नाही आणि बरोबरही ठरलं नाही, नुसतं लटकत राहिलं. हे तुम्ही मला दिवाळीत येऊन हसत हसत सांगितलंत. दिवाळीत, कारण मे महिन्यात येणं तुम्ही त्यानंतर सोडलंत.

दर दिवाळीला आपलं तेच भांडण. मी म्हणायची, आईंना सांगा, त्या उन्हाळाभर आष्टीला जाऊन राहतील, घरी नकोच असेल तर आष्टीला करा, माझ्या भावाच्या शेतात टाकं आहे, मी जातीने पहारा देते. तुम्ही म्हणायचात, रजा नाही. रजा मिळेल म्हटलं की म्हणायचात, “आई विचारन ना, घरी काऊन नाई केलं?” मी म्हणायची, विचारलं तर सांगा. मग तुम्ही करंजी उचलून ओट्यावर जाऊन बसायचात. माणूस भांडणातून असा उठून गेला की मागे उरलेल्याने काय करावं? मी उरलेलं भांडण यांच्याशी करायची, आणि यांना बिचाऱ्यांना कशावरून चाललंय तेही कळत नसे. त्यांनाही सांगायचं नव्हतं ना, तुमची शपथ!

एकदा तुम्ही आम्हा सगळ्यांना तिकडे नेलंत. आई जन्मात पहिल्यांदा समुद्रावर आल्या. लुगडं सावरत पाण्यात उभ्या राहिल्या, वाकून हात बुडवला आणि म्हणाल्या, “वसंता, हे तं कोमटच आहे रे! अन् एवढ्या मोठ्याले सावली तरी कोण करन?” सगळे हसले. तुम्ही तोंड फिरवलंत. मी तुमच्या शेजारी उभी होते, मला दिसलं. त्यांना अजून काळजी होती, भाऊजी. वर्षं उलटली तरी तुमच्या माशांची काळजी त्यांच्या डोक्यात होती. तेव्हा वाळूत बसून सांगून टाकायला काय हरकत होती? इतकं सोपं झालं असतं. मी तुम्हाला खूण केली, आणि तुम्ही भेळ आणायला निघून गेलात.

गेल्या दिवाळीला मात्र तुम्ही उठून गेला नाहीत. मी म्हटलं, “तुम्ही आईले काच समजता.” हातातली करंजी ताटलीत ठेवून तुम्ही म्हणालात, “आई काच नाई, वैनी. ती सोशीन. तिचं तोंड पाहाचा धीर मलेच नाई.”  त्यावरचं भांडण मी पुढच्या खेपेसाठी राखून ठेवलं. आता पुढची खेप कुठली? माणूस चाळिशी ओलांडून थोडा पुढे जातो, धडधाकट असतो, बंदरावरून आपल्या एकट्याच्या घरी येतो आणि खुर्चीत बसल्या बसल्या संपतो, हे मी कुठून धरून चालणार होते?

कालचं सांगते आता. तेरवीला तिकडून तुमच्या केंद्रातले नाईक आले होते. भला माणूस. जेवण झाल्यावर आईंच्या खाटेपाशी बसले. तुमची बातमी आल्यापासून आईंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. नुसत्या भिंतीकडे बघत असायच्या. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून नाईक तुमच्या गोष्टी सांगायला लागले. मी पानाचं तबक घेऊन दारात उभी.

“आई, वसंतरावांनी तुमची एक गोष्ट आम्हाला कितीदा तरी सांगितली आहे. नवीन माणूस आला की सांगायचे. म्हणायचे, ‘टाकी मांडताना सगळं हिशेबात धरून चाला. मी पाणी धरलं, मीठ धरलं, खाणं धरलं, ऊन धरलं, फक्त आमची आई धरली नाही. आईने माझ्या तापवलेल्या टाक्याला ओली पोती गुंडाळली आणि सगळं पाणी गार करून टाकलं!’ सांगताना असे हसायचे. कौतुकच होतं त्यांना तुमचं. आणि आता बघा, इतर लोकही बोलायला लागलेत, समुद्र तापतोय म्हणून. आज असते तर त्यांना पुन्हा टाकी मिळाली असती.”

 अहो भाऊजी! अख्ख्या कोकणाला सांगून ठेवलंत? नवीन माणूस आला की सांगायचे? आणि इथे मी इतकी वर्षं तुमची शपथ गाठीला बांधून आईंसमोर मुक्यासारखी वावरते! नाईकांचा काय दोष? घरातल्या सगळ्यांना माहीत असलेली गंमत म्हणून ते बोलून गेले.

आईंनी त्यांना पान घ्या म्हटलं, नमस्कार घेतला, नीट निरोप दिला. दिवेलागणीला घर रिकामं झालं तेव्हा मला हाक मारली.

“सूनबाई, त्याले ते पानी गरमच पाह्यजे होतं काय?”

“हो, आई.”

“अन् मी गार केलं.”

“हो.”

“तुले ठाऊक होतं?”

“होतं. त्यांनी शपथ घातलती.”

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, आता कोसळतील, नलूताईंचं नाव घेतील, ज्या भीतीपायी तुम्ही सगळी नोकरी बंदरावर लिखापढी करत काढलीत ते आता माझ्या डोळ्यांसमोर होणार. पण तसं काही झालं नाही. त्या भडकल्या. तुमच्या दादांवर, माझ्यावर, कोणावरही त्यांना इतकं भडकलेलं मी पाहिलं नव्हतं.

“एवढा शिकला अन् एवढी अक्कल नाई त्याले? एका शबदानं सांगतलं असतं, आई, त्याले हात लावू नको, तं मी त्या टाक्याकडं पाह्यलंही नसतं! दोन महिने तुह्या माहेरी जाऊन राह्यली असती! माह्यी नलू उन्हानं गेली, ते काय मले समजत नाई काय, लेकरू कोणतं अन् मासा कोणता? मले येडी समजला तो? दरसाल उन्हाळ्यात वाट पाह्यली मी त्याची. मले वाटे, तिकडच्या हवेची सवय झाली, आता आपल्या घरचं ऊन सोसत नाई त्याले. अन् तो मले तोंड दाखवाले भेत होता!”

ऐकलंत? शब्दन् शब्द तोच, जो मी दर दिवाळीला तुम्हाला सांगत होते. आष्टीला जाऊन राहिली असती, हेसुद्धा. मीच बरोबर होते, भाऊजी. हे तुम्हाला ऐकवायची मला केवढी हौस होती, आणि ऐकवायला आता समोर कोणी नाही. तुमची माया खोटी होती असं मी मेल्यावरही म्हणणार नाही. पण त्या मायेने आईंची मे महिन्यातली तुमची भेट गेली, तुमचं काम गेलं, आणि ज्या बाईला एवढं जपलंत तिच्या वाट्याला ही गोष्ट आली ती तुमच्या तेरवीला, परक्या माणसाच्या तोंडून.

एवढं भडकून झाल्यावर, तुमची बातमी आल्यापासून पहिल्यांदाच त्या रडल्या. खाटेची कड घट्ट धरून, लहान मुलासारख्या हुंदके देत. तुमचा तसबिरीतला फोटो समोर होता, त्याच्याकडे बघून म्हणाल्या, “साऱ्यायले सांगतलं. मलेच तेवढं नाई सांगतलं. मी का परकी होती, वसंता?”

आज सकाळपासून त्या मला तेच विचारताहेत. चहा देताना विचारलं, वेणी घालताना विचारलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवते. मी तरी काय सांगू? मी सून आहे, भाऊजी. त्यांनी हे विचारलंय ते त्यांच्या मुलाला.